रस्ता क्रमांक १९२ : माँटेसिटोच्या रात्रीचा घटनाक्रम

पाच आठवडे आधी : ४ डिसेंबर २०१७

दक्षिण कॅलिफोर्नियात सांता पॉला गावाच्या उत्तरेला, थॉमस अक्वायनस कॉलेजच्या परिसरात संध्याकाळी आग लागली. वाऱ्यात वीजवाहिन्या एकमेकींवर आदळल्या आणि ठिणगी पडली, असा निष्कर्ष पुढे तपासात निघाला. वाळवंटाकडून समुद्राकडे सुटणारे कोरडे वारे त्या आठवड्यात बेफाम होते. कॉलेजवरून आगीला नाव पडले थॉमस फायर. व्हेंच्युरा काउंटी ओलांडून ती पश्चिमेला सांता बार्बरा काउंटीत शिरली आणि विझेपर्यंत तिने सुमारे ११४० चौरस किलोमीटर मुलूख जाळला. एवढी मोठी आग कॅलिफोर्नियाच्या आधुनिक नोंदींत तोवर नव्हती.

१६ डिसेंबरला ती माँटेसिटोच्या माथ्यावरच्या डोंगरात भडकली. अग्निशमन दलाने जिवाची बाजी लावून गाव वाचवले. डोंगर मात्र बोडका आणि काळा झाला.

गावाची रचना आधी सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. उत्तरेला सांता इनेझ पर्वताची उभी भिंत आणि दक्षिणेला प्रशांत महासागर. या दोहोंमध्ये उतरती पट्टी, रुंदी जेमतेम तीन-चार किलोमीटर. डोंगरातून कोल्ड स्प्रिंग, हॉट स्प्रिंग्ज, सॅन इसिद्रो, बुएना व्हिस्टा, रोमेरो असे ओढे उतरतात. वर्षातले बरेच महिने ते झुळझुळतात किंवा कोरडेच असतात. ज्या सुंदर उतारावर इथली घरे आणि बागा आहेत, तो उतार याच ओढ्यांनी हजारो वर्षांत दगडगोटे आणून घडवलेला आहे. भूगोलाच्या पुस्तकात याला पंखाकृती मैदान म्हणतात. माँटेसिटोच्या बागांतल्या मोठमोठ्या शिळा आणि जुन्या दगडी कुंपणांतला वालुकाश्म कुणी लांबून आणला नव्हता. डोंगरानेच तो आधीच्या लोटांत खाली पाठवला होता. १९१४ मध्ये इथे पूर आला होता. १९६४ मध्ये कोयोटी आगीनंतर आणि १९७१ मध्ये रोमेरो आगीनंतर दगड-चिखल खाली आला होता. या सगळ्या नोंदी काउंटीकडे होत्या.

माँटेसिटोला नगरपालिका नाही. सुमारे नऊ हजार वस्तीचे हे गाव थेट काउंटीच्या कारभारात येते. गावातले स्थानिक रस्ते, त्यांवरचे पूल, मोऱ्या, ओढ्यांची नालेसफाई, पूरनियंत्रण हे सगळे काउंटीचे सार्वजनिक बांधकाम खाते पाहते. निवडून आलेल्या पाच सुपरवायझरांचे मंडळ अंदाजपत्रक मंजूर करते आणि खाते त्यातून वर्षाची कामे ठरवते. कोणत्या ओढ्यातली झाडोरा-गाळाची अडचण काढायची, कोणत्या मोरीची दुरुस्ती करायची, कोणता पूल पुढच्या वर्षावर ढकलायचा, याची यादी होते. या खात्याचाच एक भाग म्हणजे पूरनियंत्रण विभाग, जो १९५५ पासून अस्तित्वात आहे. ही माणसे एरवी कुणाच्या लक्षातही येत नाहीत. पाऊस नीट वाहून गेला तर त्यांचे काम झाले, आणि नीट झालेल्या कामाची बातमी होत नाही.

दोन आठवडे आधी : डिसेंबरअखेर

आग विझवणारे अजून डोंगरात होते, पण भूवैज्ञानिकांनी आणि खात्याच्या अभियंत्यांनी पुढचा धोका मोजायला घेतला होता. तिथले झुडपी जंगल तेलकट-मेणचट पानांचे असते. ते जळले की त्याची वाफ मातीत शिरून थिजते आणि जमिनीच्या पृष्ठभागाखाली पाणी न शोषणारा थर तयार होतो. एरवी झाडे-पाने-मुळे जे पाणी अडवतात ते सगळे आता थेट उतारावरून धावणार होते. अशा डोंगरावर तासाला अर्धा इंच पाऊस पडला, तरी दगड-चिखलाचा लोट सुटू शकतो, हा तिथल्या हवामान खात्याचा नेहमीचा धोक्याचा निकष आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने ओढ्याओढ्याचे गणित मांडले. माँटेसिटोच्या वरच्या खोऱ्यांत लोट सुटण्याची शक्यता मोठी निघाली.

पूरनियंत्रण विभागाच्या हातात मुख्यतः दोन गोष्टी होत्या, ओढे मोकळे करणे आणि बेसिने रिकामी ठेवणे. बेसिन म्हणजे ओढ्याच्या तोंडाशी खणलेला मोठा खड्डा आणि त्यापुढे बांध. दगड, ओंडके, गाळ त्यात अडावा आणि पाणी पुढे जावे, अशी ती योजना. माँटेसिटोत कोल्ड स्प्रिंग, सॅन इसिद्रो आणि रोमेरो या तीन ओढ्यांवर अशी बेसिने होती. १९६४ च्या कोयोटी आगीनंतर लष्कराच्या अभियंता दलाने घाईघाईत खोदलेली, म्हणून आकाराने लहान. त्यानंतर पन्नास वर्षे गेली, तरी मोठी बेसिने माँटेसिटोच्या वाट्याला आली नाहीत. शेजारच्या कार्पिंटेरियाच्या वर मात्र १९७० च्या दशकात सांता मोनिका ओढ्यावर भलेमोठे बेसिन बांधले गेले होते. हा फरक पुढच्या दोन आठवड्यांत माणसांच्या जिवावर बेतणार होता.

खात्याने आपले काम केले, हे आधी स्पष्ट लिहिले पाहिजे. पोकलेन आणि डंपर लावून पावसाआधी बेसिने रिकामी केली गेली. जिथे पोचता आले तिथे ओढ्यांचे पात्र साफ झाले. हाताशी जी साधने होती आणि जेवढे दिवस मिळाले, त्यात जे होण्यासारखे होते ते झाले. डोंगर जळल्यापासून पाऊस येईपर्यंत मिळाले चोवीस दिवस. चोवीस दिवसांत खड्डा उपसता येतो, नवा मोठा खड्डा बांधता येत नाही. त्यासाठी जमीन लागते, परवाने लागतात, पैसा लागतो, आणि हे सगळे आगीच्या आधीच्या कोरड्या वर्षांत मिळवून ठेवायचे असते.

दोन दिवस आधी : रविवार, ७ जानेवारी २०१८

हवामान खात्याचा अंदाज आता ठाम झाला होता. हंगामातले पहिले मोठे वादळ सोमवारी रात्री येणार, डोंगराळ भागात तासाला अर्धा ते एक इंच वेगाने पाऊस पडू शकतो, मध्ये गडगडाटी सरीही येऊ शकतात. जळलेल्या डोंगराखाली लोट येण्याचा धोका आहे, असे अंदाजात लिहिलेले होते. तो अंदाज खरा ठरला. या दुर्घटनेत हवामानशास्त्राला दोष देता येत नाही.

काउंटीने स्थलांतराच्या सूचना काढल्या आणि इथेच नकाशावर ती रेघ आली.

माँटेसिटोच्या वरच्या भागातून डोंगराला समांतर, पूर्व-पश्चिम जाणारा एक राज्य मार्ग आहे, क्रमांक १९२. गावात त्याला ईस्ट व्हॅली रोड म्हणतात. या रस्त्याच्या उत्तरेला, म्हणजे डोंगराच्या बाजूला राहणाऱ्यांनी सोमवारी दुपारी बारापर्यंत घर सोडावे, हा सक्तीचा आदेश. रस्त्याच्या दक्षिणेला, थेट समुद्रापर्यंत, स्थलांतर ऐच्छिक. सक्तीच्या भागात काउंटीतले सुमारे ७,००० लोक होते, ऐच्छिक भागात सुमारे २३,०००.

रस्त्यावरून हद्द आखण्यामागे प्रशासनाचे कारण होते. आपण रस्त्याच्या वर राहतो की खाली, हे कुणालाही लगेच कळते. दारोदार जाणाऱ्या शेरीफच्या माणसांनाही ते सोपे. डिसेंबरात आगीच्या वेळी स्थलांतराच्या हद्दी अशाच रस्त्यांवरून ठरल्या होत्या आणि लोकांच्या त्या अंगवळणी पडल्या होत्या. आगीसाठी ती रेघ चालते. आग डोंगरावरून खाली येते, रुंद रस्त्यावर तिला अडवता येते, आणि वरच्या घरांना खालच्यांहून धोका जास्त असतो.

पाणी आणि दगड ओढ्याने येतात. ओढे उत्तर-दक्षिण वाहतात आणि १९२ ला आडवे छेदून समुद्राकडे जातात. त्यांचा धोका रस्त्याच्या वर-खाली असा विभागता येत नाही. तो ओढ्याच्या दोन्ही काठांनी लांबलचक पट्ट्यात पसरतो, आणि तो पट्टा १९२ च्या खाली समुद्रापर्यंत जातो. ओढ्याला लागून राहणारे, रस्त्याच्या खाली दोनशे मीटरवरचे घर हे रस्त्याच्या वर पण टेकाडावर असलेल्या घरापेक्षा कितीतरी अधिक धोक्यात होते. पूर कुठून कुठे जातो याचे नकाशे खात्याकडे होते, गावाचा भूगर्भच हे सांगत होता. पण लोकांना निघायला सांगणारी रेघ त्या नकाशांवरून आखली गेली नाही. माझ्या मते माँटेसिटोच्या दुर्घटनेचे मूळ या एका निर्णयात आहे.

सोळा तास आधी : सोमवार, ८ जानेवारी, दुपारी १२

सक्तीच्या आदेशाची मुदत भरली. शेरीफचे कर्मचारी १९२ च्या वरच्या भागात घरोघर जाऊन सांगत होते. ईमेल, समाजमाध्यमे आणि नोंदणी केलेल्यांच्या फोनवर संदेश गेले. तरीही निघाले थोडेच. काउंटीच्या अग्निशमन विभागाने नंतर सांगितले की सक्तीच्या भागातल्याही फक्त १० ते १५ टक्के लोकांनी घर सोडले.

या लोकांना बेफिकीर म्हणून मोकळे होता येणार नाही. त्यांतल्या अनेकांनी डिसेंबरात आठवडा-दोन आठवडे घराबाहेर काढले होते. मुलांच्या शाळा बुडाल्या, दुकाने बंद राहिली, नाताळ नातेवाइकांकडे किंवा हॉटेलात गेला. नुकतेच घरी परतून त्यांनी राखेचे थर पुसले होते. आता पुन्हा निघा म्हणतात, तेही पावसासाठी. पाच-सहा वर्षांच्या दुष्काळानंतर पावसाची तर वाट पाहिली जात होती. आग डोळ्यांना दिसते, धुराचा वास येतो. डोंगरात सैल झालेले दगड घरातून दिसत नाहीत.

आणि १९२ च्या खाली राहणाऱ्यांना प्रशासनाने स्वतःच सांगितले होते की निर्णय तुमचा. त्यांनी रास्तपणे तर्क केला की खरा धोका असता तर आपल्यालाही आदेश आला असता. बहुतेक जण घरीच थांबले.

दुपारनंतर हलका पाऊस सुरू झाला. खात्याची पथके वादळाच्या पाळीवर होती. रस्त्यांवर नजर ठेवायची, मोऱ्या तुंबल्या तर उघडायच्या, अडथळ्यांचे फलक लावायचे. संध्याकाळ शांत गेली.

चार तास आधी : मंगळवार, ९ जानेवारी, मध्यरात्र

पावसाचा मुख्य पट्टा अजून समुद्रावर होता. गाव झोपले.

सव्वा तास आधी : पहाटे अडीचच्या सुमारास

हवामान खात्याने अचानक पुराचा इशारा जारी केला. रडारवर पट्टा दाट होत होता. काउंटीच्या आपत्कालीन कक्षात जागे असलेल्यांना ते दिसत होते. त्या परिसरातल्या सगळ्या मोबाइलांवर, नोंदणी असो-नसो, मोठ्या आवाजात एकाच वेळी संदेश पाठवण्याची यंत्रणा काउंटीकडे होती. ती त्या वेळी वापरली गेली नाही. वारंवार इशारे दिले तर लोक ते मनावर घेत नाहीत, ही प्रशासनाची काळजी होती. ही काळजी आपत्ती व्यवस्थापनात जगभर ऐकू येते आणि तिच्यात तथ्यही आहे. पण सक्तीच्या भागातले ८५ टक्के लोक घरातच आहेत आणि ऐच्छिक भागातले बहुतेक सगळे झोपलेत, अशा रात्री न वाजलेला फोन वाजलेल्या फोनापेक्षा महाग पडतो.

पाव तास आधी : पहाटे साडेतीन

पाऊस कोसळला. माँटेसिटोत पाच मिनिटांत ०.५४ इंच, म्हणजे जवळपास १४ मिलिमीटर. कोकणात किंवा महाबळेश्वरात वाढलेल्याला दिवसभराचा एवढा पाऊस म्हणजे काहीच नाही. इथे तो पाच मिनिटांत पडला, आणि ज्या डोंगरावर पडला त्याने एक थेंबही आत घेतला नाही.

उतारावरची राख आणि माती पाण्याबरोबर सुटली. शेकडो लहान ओघळी एकत्र येऊन मुख्य ओढ्यांत शिरल्या. ओढ्यांच्या पात्रात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या शिळा उचलल्या जाऊ लागल्या. नुसते पाणी एवढ्या मोठ्या शिळा हलवू शकत नाही. पाण्यात माती मिसळून ते घट्ट झाले की त्याची घनता वाढते आणि ट्रकएवढे दगड त्यावर तरंगल्यासारखे पुढे सरकतात. ओल्या काँक्रीटचा डोंगराएवढा मिक्सर कुणी उतारावर ओतावा, तसा तो लोट कोल्ड स्प्रिंग, सॅन इसिद्रो, रोमेरो आणि शेजारच्या ओढ्यांतून जवळजवळ एकाच वेळी खाली निघाला.

पहाटे पावणेचार

बेसिने भरायला काही मिनिटे लागली. नुकतीच उपसलेली, रिकामी, तयार असलेली ती बेसिने जेवढ्यासाठी बांधली होती तेवढे त्यांनी अडवले, आणि उरलेले त्यांच्यावरून गेले. पुढे वैज्ञानिकांनी मोजले तेव्हा एकूण लोट सुमारे ६,८०,००० घनमीटर निघाला. दहा घनमीटरचा एक डंपर धरला तर अडुसष्ट हजार खेपा. त्यात सहा मीटरपर्यंत व्यासाच्या शिळा होत्या.

मग लोट पुलांपाशी आला. रस्त्यांखालचे पूल आणि मोऱ्या पाण्याचा विसर्ग धरून बांधलेल्या होत्या. किती पाणी किती वेगाने जाईल याचा हिशेब करून त्यांची रुंदी-उंची ठरते. घरांएवढे दगड आणि मुळासकट उपटलेले वृक्ष त्यातून जात नाहीत. शिळा कमानीत अडकल्या, मागून येणाऱ्या ओंडक्यांनी फटी बुजवल्या आणि पूल धरण झाला. अडलेल्या लोटाने पात्र सोडले आणि बाजूच्या बागांतून, रस्त्यांवरून, घरांमधून वाट काढली. ओढ्यापासून दूर आहोत म्हणून निर्धास्त असलेल्या घरांवरही तो गेला. अभियंत्यांच्या दृष्टीने या रात्रीतला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे. पूल तुंबतो हे गृहीत धरूनच धोक्याचा नकाशा काढावा लागतो. ओढा आपल्या पात्रातच राहील असे मानून काढलेला नकाशा अशा रात्री निरुपयोगी ठरतो.

लोटाचा सरासरी वेग सेकंदाला चार मीटरच्या आसपास होता. डोंगराच्या पायथ्यापासून समुद्र तीन-साडेतीन किलोमीटर, म्हणजे जेमतेम पाव तास. ती सगळी वाट वस्तीतून जाणारी.

याच मिनिटांत एक मोठी गॅसवाहिनी फुटली आणि पेटली. आभाळ नारिंगी झाले. लोक त्या उजेडाने जागे झाले आणि त्यांना वाटले पुन्हा वणवा आला. काही जण खिडकीशी, दाराशी, गाडीशी गेले. आगीतून सुटायचे तर बाहेर पळतात. दगड-चिखलातून वाचायचे तर उंच जागी किंवा वरच्या मजल्यावर जातात. कुठल्या संकटापासून पळायचे आहे हेच अंधारात कळत नव्हते.

पहाटे ३:५०

सगळ्या मोबाइलांवर एकाच वेळी वाजणारा इशारा अखेर गेला. तोवर लोट घरांत होता.

पहाटे चार ते सहा

वीज गेली. गॅस गेला. डोंगराच्या पायथ्याशी जाणारी पाण्याची मुख्य वाहिनी ओढे जिथे-जिथे ओलांडत होती तिथे तुटली आणि साठ्यातले पाणीही उतारावर वाहिले. अग्निशमन दलाच्या गाड्या रस्त्यांपर्यंत आल्या आणि थांबल्या, कारण पुढे रस्ता उरला नव्हता. जवान कमरेएवढ्या चिखलातून, वाहून आलेल्या गाड्या आणि तुटलेल्या विजेच्या तारांमधून, आवाजाच्या दिशेने चालत गेले. घराच्या ढिगाऱ्यात चिखलात रुतलेल्या एका मुलीला बाहेर काढायला त्यांना कित्येक तास लागले. ती वाचली.

खाली किनाऱ्यालगत जाणारा महामार्ग १०१ हा लॉस एंजेलिसहून उत्तरेला जाणारा मुख्य रस्ता. तो आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोलगट भागातून जातो. लोटाने तो भरून टाकला. कालव्यासारखा भरलेला महामार्ग आणि त्यात बुडालेल्या गाड्या, असे दृश्य नंतर सगळ्यांनी पाहिले.

सकाळी सात

उजाडले. शेरीफ बिल ब्राऊन यांनी त्या दृश्याची तुलना पहिल्या महायुद्धातल्या रणभूमीशी केली. झाडे नाहीत, कुंपणे नाहीत, काही ठिकाणी घराचा पायासुद्धा नाही. रोमेरो कॅन्यनमध्ये सुमारे तीनशे लोक अडकले होते. रस्ते तुटल्याने त्यांना हेलिकॉप्टरने काढायचे काम सुरू झाले.

पूर्वेला काही किलोमीटरवर कार्पिंटेरियाच्या वर सांता मोनिका बेसिन काठोकाठ भरले होते. तिथे लोट बेसिनात थांबला. बेसिनाखालची घरे उभी होती.

त्या दिवशी आणि नंतर

माँटेसिटोत २३ जण मेले. त्यांत लहान मुले होती. दोन जणांचे मृतदेह तेव्हाच्या शोधात सापडलेच नाहीत. चारशेहून अधिक घरांचे नुकसान झाले. मेलेल्यांपैकी बहुसंख्य लोक १९२ च्या खाली राहत होते, म्हणजे ज्यांना निघायचा आदेश नव्हता त्या भागात.

महामार्ग १०१ उघडायला २१ जानेवारी उजाडला. तोवर सांता बार्बरा आणि व्हेंच्युरा यांच्यात लोक रेल्वेने आणि बोटींनी ये-जा करत होते. काउंटीचे खाते आणि लष्कराचे अभियंता दल ओढ्यांतून, बेसिनांतून रात्रंदिवस दगड-गाळ उपसत होते, कारण पावसाळा संपलेला नव्हता आणि डोंगर अजून बोडकाच होता. गाळ टाकायला जागा नव्हती. तातडीची परवानगी काढून तो गोलिटा आणि कार्पिंटेरियाच्या किनाऱ्यांवर टाकला गेला.

मार्चपर्यंत काउंटीने पुढच्या वादळांसाठी स्थलांतराची पद्धत बदलायला घेतली होती. धोक्याचा नवा नकाशा ओढ्यांच्या आणि लोटाच्या वाटेवरून आखला गेला. ऐच्छिक स्थलांतर हा प्रकारच काढून टाकला. घर नकाशातल्या धोक्याच्या पट्ट्यात आहे की नाही, एवढेच पाहायचे ठरले. राज्याने १९२ वरचे पूल नव्याने, अधिक उघडे, दगड जाऊ देतील असे बांधायला घेतले. सॅन इसिद्रो ओढ्यावर रँडल रोडजवळ, जिथे घरे वाहून गेली होती तिथल्या मालकांकडून काउंटीने जमिनी विकत घेतल्या आणि एक मोठे नवे बेसिन बांधले. ते २०२२ मध्ये पूर्ण झाले. त्या जमिनी विकणाऱ्यांतल्या काहींची घरे आणि माणसे तिथेच गेली होती. आपल्या घराच्या जागी खड्डा होऊ देणे सोपे नसते. त्यांनी ते केले म्हणून खालची घरे वाचू शकतात, हे लक्षात ठेवले पाहिजे.

९ जानेवारी २०२३, बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेला वादळ आले. या वेळी संपूर्ण माँटेसिटोला निघायचे आदेश गेले, १९२ च्या वर आणि खाली दोन्हीकडे. ओढे फुगले, रस्ते तुटले, बेसिने दगड-गाळाने भरली. रँडल रोडचे नवे बेसिनही भरले. २०१८ सारखा संहार झाला नाही.

हा घटनाक्रम मराठीत लिहिण्याचे कारण कॅलिफोर्निया नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले आणि शोध थांबवला तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. तिथे आग लागली नव्हती, तिथला पाऊस वेगळा, खडक वेगळा, लोकांचे दैन्य तर फारच वेगळे. पण धोक्याची रेघ कागदावर कुठे संपते आणि माणसे कुठे झोपतात, हा प्रश्न तोच आहे. सह्याद्रीच्या उतारावर, ओढ्याच्या काठी, घाटाच्या तोंडाशी तुमचे किंवा तुमच्या आईवडिलांचे घर असेल, तर पुढच्या जूनच्या आधी तहसील कार्यालयात जा. दरडप्रवण गावांची यादी मागा. आपली वाडी, आपली वस्ती, नुसत्या गावाच्या नावाखाली नव्हे तर स्वतंत्रपणे त्यात आहे का ते पाहा. नसेल तर पाहणी करावी असा अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि ग्रामसभेत ठराव करून घ्या.